स्मृतीचा बांध : घरच्या संगणकाचे मेमरी-संरक्षण

दिनांक २७ जून २०१७. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्या दिवशी एकाएकी ठप्प झाले. वादळ नव्हते, संप नव्हता, क्रेनही मोडली नव्हती. गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक तेवढे बंद पडले होते. वीस फुटी मापाने मोजले तर वर्षाला सुमारे अठरा लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या त्या टर्मिनलवर, समोर रचून ठेवलेला कोणता कंटेनर कोणाचा, हेच सांगता येईना. जे काम पडद्यावर क्षणात होई ते हाताने करण्याची वेळ आली.

त्या टर्मिनलची सूत्रे ज्या मेर्स्क उद्योगसमूहाकडे होती, त्याचे संगणक त्याच दिवशी जगभर कोसळले होते. नॉटपेट्या या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला तो घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीबरोबर बाहेर पडला. मेर्स्कला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज वीस ते तीस कोटी डॉलरचा होता. समूहाच्या जाळ्याची एक महत्त्वाची नोंद जगात एकाच ठिकाणी शाबूत सापडली, ती घानातील कार्यालयात. कारण ऐन वेळी तिथली वीज गेल्याने तो संगणक बंद होता! विजेच्या लपंडावाला नेहमी नावे ठेवणाऱ्या आपण कोकणवासीयांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता कला शाखेच्या विद्यार्थ्याला याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्यही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय बंदर नसून आपल्या घरातील टेबलावरचा संगणक हा आहे. परंतु न्हावा-शेव्याला ज्या दोन वाटांनी संकट आले, त्या दोन्ही वाटा संगणकाच्या स्मृतीतून, म्हणजे मेमरीतून जातात. घरच्या संगणकावर मेमरी-संरक्षणाची जी बटणे असतात ती कोणत्या वाटेवर कोणता अडसर घालतात हे कळल्यावाचून ‘चालू की बंद’ हा निर्णय म्हणजे छापा-काटा होय.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब ओळ. काही खणांत आज्ञा असतात, काहींत मजकूर : तुम्ही लिहीत असलेले पत्र, एखादे छायाचित्र, टाइप केलेला पासवर्ड. मात्र खणात असतात ते नुसते आकडे. ही आज्ञा की हा मजकूर, हे त्या आकड्यांकडे पाहून प्रोसेसरला कळत नाही. समजा, एखाद्या प्रोग्रामने नाव लिहिण्यासाठी शंभर खण राखून ठेवले आणि कोणी पाचशे अक्षरांचे नाव पाठवले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लांबी तपासली नसेल, तर उरलेली चारशे अक्षरे शेजारच्या खणांवर पसरतात. तिथे ‘यानंतर कोठे जायचे’ हा पत्ता लिहिलेला असला, तर तो पुसून पाठवणाऱ्याचा पत्ता तिथे बसतो, आणि नाव म्हणून आलेला मजकूर आज्ञा होऊन चालू लागतो.

खारेपाटातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बाहेर खाडीचे खारे पाणी, आत भाताची जमीन आणि मध्ये बांध. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की पाणी शेतात शिरते, आणि ते ओसरले तरी जमीन मागचे मीठ लवकर विसरत नाही.

ही युक्ती जुनी आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने जो ‘किडा’ जाळ्यात सोडला, त्याची एक वाट हीच होती. नॉटपेट्याची पहिली वाटही याच जातीची : संगणका-संगणकांत फायली देण्याघेण्याच्या विंडोजमधील जुन्या व्यवस्थेत लांबी मोजण्याची एक चूक होती, आणि तीही विंडोजच्या गाभ्यात. मायक्रोसॉफ्टने ती १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्त केली होती. ज्यांनी दुरुस्ती बसवली त्यांच्यापुरती ती वाट बंद झाली.

तरीही दुरुस्त केलेले संगणकसुद्धा पडले, आणि ते दुसऱ्या वाटेने. विंडोजमध्ये लॉगिनची खातरजमा करणारा एक प्रोग्राम सतत चालू असतो, आणि त्याच्या स्मृतीत वापरकर्त्यांच्या ओळखीच्या खुणा असतात. एका संगणकावर प्रशासकाचे अधिकार मिळताच नॉटपेट्याने त्या प्रोग्रामची स्मृती वाचली, किल्ल्या उचलल्या आणि शेजारच्या संगणकाचे दार रीतसर उघडले. बांध फोडण्याची गरजच पडली नाही. उघाडीची चावी हाती आली होती.

आता बटणांकडे वळू. सर्वांत जुने डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ते आले. स्मृतीच्या ज्या पानावर मजकूर आहे त्या पानावरून आज्ञा चालवू द्यायची नाही, असा त्याचा नियम. सिस्टिमच्या प्रगत गुणधर्मांत परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये त्याचे दोन पर्याय दिसतात : केवळ विंडोजच्या आवश्यक प्रोग्रामांना संरक्षण, किंवा मी निवडलेले वगळून सर्वांना. मुळात पहिला निवडलेला असतो. माझ्या मते घरच्या संगणकावर दुसरा घ्यावा. आजचे चौसष्ट बिटांचे प्रोग्राम हे संरक्षण घेऊनच चालतात, त्यांना या निवडीने फरक पडत नाही. फरक पडतो तो बत्तीस बिटांच्या जुन्या प्रोग्रामांना. त्यांतला एखादा अडला, तर तेवढ्याचेच नाव वगळण्याच्या यादीत घालावे. बदलासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

स्मृतीतील जागा दर वेळी बदलून टाकण्याची युक्ती विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून आहे. चोराने घराचा नकाशा मिळवला तरी खोल्यांच्या जागा बदललेल्या. एक्सप्लॉइट प्रोटेक्शनच्या पानावर हिची दोन-तीन कलमे असतात. ती जशी आहेत तशी राहू द्यावीत. त्यांतले ‘सक्तीचे’ कलम मुळात बंद असते, कारण त्याने जुने प्रोग्राम मोडतात. ते उत्साहाने चालू करण्यात शहाणपण नाही.

खरा प्रश्न येतो तो मेमरी इंटिग्रिटीचा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, आणि त्यात हे बटण. विंडोजचा गाभा ज्या आज्ञा चालवतो त्या अस्सल आहेत की नाहीत, याची तपासणी गाभ्याच्याही आवाक्याबाहेरच्या एका बंद खोलीत होते. तिथे पास झाल्याखेरीज स्मृतीचे कोणतेही पान गाभ्यात आज्ञा म्हणून चालत नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच बाकावर बसू नयेत, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. त्याच पानावर विंडोज ११ मध्ये लॉगिनच्या त्या प्रोग्रामची स्मृती राखणारे लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटीचे बटण आहे. न्हावा-शेव्याच्या दुसऱ्या वाटेवरचा अडसर तो हाच. आणि सदोष ड्रायव्हरांच्या काळ्या यादीचेही एक बटण आहे.

या तिघांचे एकमेकांवाचून चालत नाही. हल्लेखोराला लॉगिनची स्मृती वाचता आली नाही, तर तो एखादा जुना, सही-शिक्क्याचा पण सदोष ड्रायव्हर बरोबर आणतो आणि त्याच्या खांद्यावर बसून गाभ्यात शिरतो. मेमरी इंटिग्रिटी चालू करताना विंडोज विसंगत ड्रायव्हरांची यादी दाखवते, तेव्हा आपल्याला जी कटकट वाटते ती नेमकी याच जातीच्या पाहुण्यांची असते.

वेगाचे काय? ही तक्रार खोटी नाही. ज्यांना खेळांसाठी शेवटचा थेंब पिळायचा आहे त्यांनी हे बटण तात्पुरते बंद करावे, असे २०२२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून प्रोसेसरमध्ये या तपासणीची सोय आहे. त्याहून जुन्या प्रोसेसरवर ओझे जाणवते. निबंध, टिपणे आणि इंटरनेट एवढाच वापर असणाऱ्याला नव्या संगणकावर फरक कळणारही नाही.

हे सारे मला पुस्तकातून कळले असे नाही. घरी लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवण्याचे लहानसे काम आहे. नवा संगणक आला आणि मराठी अक्षरजुळणीचे जुने सॉफ्टवेअर त्यावर चालेना. युनिकोडच्या आधीच्या काळातले ते. चालायला यूएसबीत एक कुलूप खोचावे लागते, आणि त्या कुलपाचा ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटीला मान्य नव्हता. वीस वर्षांचा मजकूर त्याच अक्षरात अडकलेला, म्हणून ते टाकूनही देता येईना. बसवायला आलेला गृहस्थ म्हणाला, “ते मेमरीचं बटण बंद करा ना, लगेच चालेल.” चाललेही. वडील खूश झाले. ऐन लग्नसराई होती.

मला मात्र चैन पडेना, कारण त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात. एका कुलपासाठी आम्ही सगळा बांध उतरवून बसलो होतो. शेवटी कुलपाच्या उत्पादकाकडे नवा ड्रायव्हर मिळाला. जुना काढला, नवा घातला, बटण चालू केले. तो मिळाला नसता तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जुळणीपुरता ठेवायचे ठरले होते. त्याला तसेही पर्याय नव्हता, कारण त्यावरील विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत. आणखी एक केले. वडिलांचे रोजचे खाते साधे केले, प्रशासकाचे वेगळे. प्रशासकाचे अधिकार हाती आले नाहीत तर लॉगिनची स्मृती वाचणे पहिल्याच पायरीला अडते.

पुढे डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शनचा दुसरा पर्याय निवडल्यावर तेच सॉफ्टवेअर पुन्हा एकदा पडले. या वेळी बाकी काही उतरवले नाही. वगळण्याच्या यादीत त्याचे नाव घातले. ती यादी मी अधूनमधून उघडून पाहतो. आजवर तिच्यात ते एकच नाव आहे.