कारकविचार आणि कंपायलरमधील प्रकारानुमान

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात डिसेंबर २०१० मध्ये संस्कृतच्या संगणकीय भाषाविज्ञानावरील चौथा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. अशा विचारविनिमयाचा ओघ बहुधा पाणिनीकडून यंत्राकडे जातो. प्रस्तुत टिपणात उलट दिशेने, यंत्राकडून मराठी वाक्याकडे, येण्याचा प्रयत्न आहे.

फंक्शनला दिलेले पद संख्या आहे, अक्षरमाला आहे की दुसरे एखादे फंक्शन, हे कंपायलर पुष्कळदा न सांगता ओळखतो. यास प्रकारानुमान म्हणता येईल. साध्या पदाचा प्रकार त्याच्या स्वरूपावरूनच कळतो; निनावी फंक्शनाचा मात्र भोवतालच्या अपेक्षेवरून ठरवावा लागतो. म्हणून रस्ट भाषेचा कंपायलर साधी पदे आधी तपासतो आणि निनावी फंक्शने, लिहिण्याचा क्रम कोणताही असो, दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवतो.

आता ‘त्याला’ हे रूप घ्यावे. ‘त्याला बोलावले’ येथे ते कर्म, ‘त्याला पुस्तक दिले’ येथे संप्रदान. शालेय व्याकरण ‘ला’ प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन्ही रकान्यांत मांडते. त्याने निर्णय होत नाही, तो क्रियापदाची आकांक्षा करते. परंतु ‘त्याला ताप आला’ येथे ‘येणे’ हे क्रियापदही पुरे पडत नाही. आधी ‘ताप’ निश्चित झाला, की मगच ‘त्याला’ म्हणजे ताप भोगणारा हे उमगते. ‘त्याला मराठी येते’ याचीही तीच गत. मराठी वाचकही, नकळत का होईना, दोन फेऱ्या करतो.

अनुमानाचे नियम कंपायलरमध्ये जागोजागी विखुरले, तर एक दुरुस्ती अनेक ठिकाणी करावी लागते आणि एखादी जागा हमखास सुटते. बाह्य वर्तन न बदलता ते एकत्र आणणे म्हणजे पुनर्रचना. पाणिनीचा अनभिहित-अधिकार (२.३.१) याच जातीचा आहे. अन्य प्रत्ययाने न सांगितलेल्या कारकालाच विभक्ती, ही अट प्रकरणारंभी एकदाच येते आणि पुढील सूत्रे ती गृहीत धरतात. लाघवाचे कौतुक आपण पाठांतराच्या सोयीपुरतेच करतो, हे मला अपुरे वाटते.

साम्य येथे थांबते. प्रकार जुळला नाही, की कंपायलर आज्ञावली नाकारतो. अग्नीने शिंपण्याची गोष्ट योग्यतेअभावी नैयायिकही नाकारतो. काव्याचा वाचक मात्र मुख्यार्थाचा बाध झाल्यावर लक्षणेकडे वळतो. मराठी कवितेसाठी कारकविश्लेषक रचणाऱ्याला म्हणून या नकारानंतरची तिसरी फेरी योजावी लागेल, आणि तिचे नियम व्याकरणात नव्हे, अलंकारशास्त्रात शोधावे लागतील.