टॅक्स वाचवा, चुकवू नका!

डिग्रीनंतर सगळेच काही कंपनीत चिकटत नाहीत. पुंडलिकनगरातल्या एखाद्या रूममध्ये कॉम्प्युटर मांडून वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज करून देणं, हासुद्धा व्यवसायच. तिथे हमखास सल्ला मिळतो, "कॅश घे, बिल देऊ नको, टॅक्स वाचेल." खरं तर कायद्यातच सरळ वाट आहे.

इंजिनिअरिंगचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी २०१६-१७ पासून अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. तेव्हाचं कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम ५८. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), तर तिच्यातली निम्मी रक्कम नफा धरायची. खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही.

समजा, जमा १८ लाख. नफा ९ लाख. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स शून्य! रिटर्न मात्र भरायचाच. टॅक्स लागत असेल तर १५ मार्चपर्यंत ॲडव्हान्स भरायचा.

मग बिल न देऊन काय कमावलं? उलट उद्या प्लॉटरसाठी लोन मागितलं की बँक आधी रिटर्न विचारते.

आणखी एक. स्वतःचा व्यवसाय असला की प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. १९७५ साली महाराष्ट्रात हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले होते. तेवढे तरी कुरकुर न करता भरूया!