बन्यामीनास मिसरांत धाडावें कीं नाहीं?

आईबापांच्या वर्गासाठीं पाठ : उत्पत्ति ४२:२९ ते ४३:१४

करोनाच्या महासाथींत आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत एकच प्रश्न घरोघरीं विचारला जात होता : शाळा पुन्हां उघडली आहे, तर नववीदहावींतल्या आपल्या मुलास अथवा मुलीस तेथें पाठवावें कीं नाहीं? ता. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, आणि त्याबरोबर हा प्रश्नही संपला असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. साथी पूर्वीं आल्या, पुढेंही येतील. शिवाय त्या काळीं शाळेबाहेर पडलेलीं कांहीं मुलें अद्यापि परतलेलीं नाहींत. म्हणून उपदेशक बंधूंनीं व बायबल-बायांनीं हा पाठ आईबापांच्या वर्गांत सावकाश घ्यावा अशी आमची विनंति आहे. एका बैठकींत न उरकल्यास दोन बैठका घ्याव्या.

गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. कनान देशांत दुष्काळ पडला. याकोबाचे दहा पुत्र धान्यासाठीं मिसरांत गेले. तेथील अधिकाऱ्यानें शिमोनास अडकवून ठेविलें आणि धाकट्या भावास घेऊन आल्यावांचून माझें तोंड पाहूं नका असें बजाविलें. मुलें घरीं आलीं व हें वर्तमान सांगूं लागलीं, तेव्हां बापानें साफ नकार दिला. बन्यामीन जाणार नाहीं, वाटेंत त्यास कांहीं झालें तर मी दुःखानें मरेन, असें तो म्हणाला.

या नकारास आपण लगेच अविश्वास म्हणूं नये. याकोबाच्या भयास कारण होतें. त्यानें पूर्वीं एकदां मुलास घराबाहेर पाठविलें होतें. योसेफास भावांची खुशाली आणण्यासाठीं त्यानेंच शखेमाकडे धाडलें, आणि परत आला तो केवळ रक्तानें माखलेला झगा. (३७:१३–३३.) ज्याच्या हातून पाठविलेलें एक लेकरूं परत आलें नाहीं, त्याचा हात दुसऱ्या वेळीं उचलत नाहीं. हें ज्यानें भोगलें नाहीं त्यानें अशा बापास उपदेश करण्यास धांवूं नये.

इ. स. २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत आमच्याकडे असे याकोब पुष्कळ झाले. सरकारी गणनेप्रमाणें या साथींत भारतांत ५ लाख ३० हजारांहून अधिक माणसें मरण पावलीं, त्यांपैकीं सुमारें १ लाख ४८ हजार एकट्या महाराष्ट्रांत. त्या उन्हाळ्यांत ज्या घरांतून कर्ता पुरुष रुग्णालयांत गेला व त्याचें मुख पाहण्यासही मिळालें नाहीं, त्या घरच्या आईनें पुढें ऑक्टोबरांत शाळेच्या संमतिपत्रावर सही करतांना हात आंखडला, तर त्यांत नवल तें काय? एक विधवा भगिनी आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, मास्तर सही मागतात. उद्यां कांहीं झालें तर सही माझीच दाखवतील.” तिच्या बोलण्यांत भय होतें, तसाच न्यायही होता. जोखीम तिची, जबाबदारीही तिचीच, आणि बाकी सर्वांचे हात मोकळे! या मुद्द्याकडे आपण पुन्हां येऊं.

नवीन वाचकांसाठीं त्या दिवसांचा क्रम सांगून ठेवितों. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. ता. २३ नोव्हेंबर २०२० पासून पुष्कळ जिल्ह्यांत नववी ते बारावीचे वर्ग उघडले. एका बाकावर एक विद्यार्थी बसवावा, शिक्षकांची आधीं तपासणी व्हावी, आईबापांची लेखी संमति घ्यावी व हजेरीची सक्ति नसावी, असे नियम होते. तपासणींत कांहीं शिक्षक बाधित निघाले, ती बातमी गांवांत पसरली, आणि पहिल्या दिवशीं फार थोडीं मुलें आलीं. ता. २७ जानेवारी २०२१ रोजीं पांचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. परंतु लवकरच दुसरी लाट आली, सर्व पुन्हां बंद पडलें, आणि दहावीची परीक्षाच रद्द झाली. ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासून पुढले वर्ग उघडले, जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां मिटले, व त्याच महिन्याच्या २४ तारखेस परत उघडले. दार असें वारंवार उघडमीट होत असतां आईबापांचें मन स्थिर कसें राहावें?

आतां पाठाच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळूं. आणलेलें धान्य संपलें. बाप म्हणाला, जा, थोडें अन्न विकत आणा. जणूं बन्यामीनाची अट त्यानें ऐकलीच नव्हती. भयाची ही एक रीत आहे : नको असलेली गोष्ट कानाआड करणें. तेव्हां यहूदा पुढें झाला. त्याचें बोलणें नीट वाचा. त्यानें वाट निर्धोक आहे असें सांगितलें नाहीं. त्यानें एवढेंच दाखविलें कीं घरही निर्धोक नाहीं. येथें बसून राहिलों तर आम्ही, तुम्ही व आमचीं लेंकरें उपासानें मरूं. (४३:८.) याकोब वाटेवरचें संकट तेवढें मोजीत होता, घरांत शिरलेला दुष्काळ त्याच्या हिशेबांत नव्हता.

हेंच आमच्या आईबापांचें झालें. मुलगा घरीं आहे म्हणजे सुरक्षित आहे, असें ते समजले. परंतु घरीं तो काय करीत होता? शिक्षण मोबाइलवर चालेल असें सांगितलें गेलें. ‘असर’ या नांवानें प्रसिद्ध होणाऱ्या पाहणींत २०२१ सालीं असें दिसून आलें कीं, देशाच्या ग्रामीण भागांतील शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ६७.६ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०१८ सालीं हेंच प्रमाण ३६.५ टक्के होतें. कर्ज काढून, शेरडूं विकून लोकांनीं फोन घेतले. तरी फोन असलेल्या घरांतही सुमारें चौथ्या हिश्श्याच्या मुलांस तो अभ्यासाला मिळत नव्हता, कारण तो बापाबरोबर कामावर जात होता. आणि डोंगराकडेच्या वस्त्यांवर फोन असून लहर नव्हती.

मग मुलगे वीटभट्टीवर गेले, ऊसतोडीच्या टोळींत गेले. दोन पैसे आले, आणि पैशाची गोडी लागलेल्या सोळा वर्षांच्या पोरास पुन्हां बाकावर बसविणें कठीण झालें. मुलींचें तर बोलावयासच नको. टाळेबंदींत थोडक्या खर्चांत लग्न उरकतें, पन्नास माणसांवर जेवण घालावें लागत नाहीं, हा मोह कित्येक घरांस पडला. इ. स. २००६ च्या कायद्याप्रमाणें मुलीचें वय १८ व मुलाचें २१ पूर्ण झाल्यावांचून विवाह करणें गुन्हा आहे, तरी हें घडलें. या साथीमुळें दहा वर्षांत जगांत आणखी एक कोटि मुली बालविवाहाच्या तडाख्यांत सांपडण्याचा धोका आहे, असा इशारा युनिसेफनें मार्च २०२१ मध्यें दिला होता. आमच्या मंडळ्यांनीं या बाबतींत आपली मान फार उंच ठेवावी अशी स्थिति नाहीं. रोगाच्या भयानें जिला शाळेंत पाठविली नाहीं, तिला लग्न लावून परगांवीं पाठवितांना तें भय कोठें गेलें होतें?

यहूदा आणखी एक गोष्ट सुचवितो. आम्ही इतका विलंब केला नसता तर एव्हांना दोनदां जाऊन आलों असतों, असें तो म्हणतो. (४३:१०.) विलंबालाही किंमत असते, ती हळूहळू भरावी लागते म्हणून दिसत नाहीं, एवढेंच.

आतां त्या संमतिपत्राच्या मुद्द्याकडे येऊं. बापाला दोन पुत्रांनीं हमी दिली. पहिला रऊबेन. मी बन्यामीनास परत न आणिलें तर माझे दोन मुलगे मारून टाका, असें तो म्हणाला. (४२:३७.) बोल मोठा, पण त्यांत स्वतःचें कांहींच नाहीं, शिवाय नातवंडें मारून आजोबास कोणतें समाधान मिळणार? याकोबानें त्याला उत्तरही धड दिलें नाहीं. दुसरा यहूदा. तो म्हणाला, मी स्वतः त्याला जामीन राहतों, माझ्या हातून त्याला मागून घ्या. आणि तें बोलणें पोकळ नव्हतें हें पुढें दिसलें, कारण मिसरांत प्रसंग येतांच भावाच्या जागीं दास होऊन राहण्यास तो सिद्ध झाला. (४४:३३.) ध्यानांत असूं द्या, योसेफास विकावें ही युक्ति याच यहूदानें काढली होती. (३७:२६–२७.) मनुष्य पालटतो.

साथीच्या काळीं रऊबेन पुष्कळ दिसले. “कांहीं होत नाहीं, देव आहे, बिनघोर पाठवा” असें म्हणणारे उपदेशकही आम्हीं पाहिले. असल्या बोलण्यास कवडी पडत नाहीं. सैतानानें मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितलें तेव्हां प्रभूनें शास्त्राच्याच आधारें त्याला नाकारिलें, हें अशा बंधूंनीं आठवावें. यहूदासारखे थोडे होते, पण होते. कोणी शिक्षक लस घेऊन, वर्गाच्या खिडक्या उघडून, आजारी पडलेल्या मुलाला स्वतः सायकलवर घालून घरीं पोंचवीत होता. कोणी शेजारीण म्हणाली, पोर शाळेंत जाऊं लागलें तर तुमच्या म्हाताऱ्या सासूबाईंना महिनाभर आमच्या पडवींत राहूं द्या. आईच्या सहीशेजारीं अशी दुसरी सही मंडळीनें करावी. ती कागदावर नसली तरी चालेल.

याकोबानें शेवटीं मुलाला सोडलें, तें कसें? हात झटकून नव्हे. त्यानें देशांतली उत्तम वस्तु बांधून दिली : थोडा डिंक, थोडा मध, मसाला, पिस्ते, बदाम. दुप्पट पैसा दिला. गोण्यांत परत आलेला पैसाही देऊन टाका, चूक झाली असेल, असें सांगितलें. दुष्काळांतल्या म्हाताऱ्याची ती व्यवस्था पाहिली म्हणजे आमच्या खेड्यांतल्या आया आठवतात. इतकें करून मग त्यानें सर्वसमर्थ देवाची दया मागितली, आणि मूल गमवावें लागलें तर गमवीन, असें म्हणून तो थांबला. योसेफ जिवंत आहे व तोच पलीकडे बसला आहे, हें त्या घटकेस त्याला ठाऊक नव्हतें. आपण शेवट वाचून बसलों आहों, म्हणून त्याच्या प्रार्थनेस सौद्याचें रूप देऊं नये. प्रार्थना करून पाठविलेल्या मुलांमागून घरांत रोग आला, वडील माणूस गेलें, असेंही घडलें आहे. तेथें प्रार्थना कमी पडली असें कोणीं म्हणूं नये.

मोशेच्या नियमशास्त्रांत नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. (अनुवाद २२:८.) धाब्यावर चढूं नका असें शास्त्र म्हणत नाहीं, आणि देव राखील, कठडा नको, असेंही म्हणत नाहीं. उघड्या खिडक्या, मुखपट्टी, हात धुण्यास पाणी, ताप आलेल्या मुलास घरीं ठेवणें, हा शाळेचा कठडा होय. लसही त्यांतलीच. ता. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांस व १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांस ती मिळूं लागली. लसीनें रोग मुळींच होत नाहीं असें नाहीं, पण तो जिवावर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. सुईचें भय लोकांस १८९७ सालींही होतें, मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. यहूदाची रीत तीच.

त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगामुळें, दुष्काळांतून आणलेल्या मुलींस शहरांत ठेवण्यास पंडिता रमाबाईंना अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां बाईंनीं मुलींना वाऱ्यावर सोडलें नाहीं, व रोगाच्या तोंडींही दिलें नाहीं. केडगांवच्या आपल्या शेतावर नेऊन तेथें त्यांची सोय केली. प्लेगाच्या छावणींत व इस्पितळांत स्त्रियांची कशी हेळसांड होते याविषयीं त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघडपणें लिहिलें. आमच्या आईबापांस हें सांगण्याजोगें आहे. मुख्याध्यापकांस किंवा वसतिगृहाच्या गुरुजींस प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे. एका खोलींत किती मुलें निजतात, ताप आल्यास त्याच्याजवळ कोण बसेल, घरीं निरोप कोण व केव्हां देईल, हें दूर पाठविणाऱ्या बापानें विचारावें आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावें.

या साऱ्या गोष्टींत एक मनुष्य बोलतच नाहीं, तो बन्यामीन. बाप बोलतो, भाऊ बोलतात. ज्याच्याविषयीं वाद चालला आहे त्याचा एक शब्द लिहिलेला नाहीं. आणि तो कांहीं पाळण्यांतला नव्हता. पुढें मिसरांत गेलेल्या कुळांची नांवें दिलीं आहेत तेथें त्याच्या दहा पुत्रांचीं नांवें आहेत. (४६:२१.) आम्हीही पंधरा वर्षांच्या मुलास शाळेची गोष्ट निघाली म्हणजे लहान म्हणतों आणि मजुरीची निघाली म्हणजे मोठा म्हणतों. त्यालाच विचारून पाहावें. साथींत कित्येक मुलांस स्वतःच्या जिवाची धास्ती नव्हती. आपल्यामुळें आजीला कांहीं झालें तर, ही होती. त्यांच्या वयाच्या मुलांस हा आजार बहुधा सौम्य होतो आणि वृद्धांस कठीण जातो, हें तीं ऐकून होतीं. तें ओझें त्यांनीं मुकाट्यानें वाहिलें. वर्गांत दहा मिनिटें मुलांनीं बोलावें व आईबापांनीं ऐकावें, अशी योजना उपदेशकांनीं करावी.

राहिलीं तीं परत न आलेलीं मुलें. आतां तीं वीस-बावीस वर्षांचीं झालीं. कित्येकींच्या कडेवर मूल आहे. त्यांस दहावीच्या वर्गांत बसतां येणार नाहीं, परंतु राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देतां येते. त्यासाठीं जो अर्ज भरतात त्याला लोक सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. त्याची मुदत मंडळ दरवर्षीं जाहीर करितें आणि चौकशी जवळच्या माध्यमिक शाळेंत करतां येते. शाळा सोडल्याचा दाखला बहुधा पेटींत तळाशीं असतो, नाहींतर जुन्या शाळेकडे मागावा लागतो, व तेथें एकटी सून जाण्यास लाजते. तिच्याबरोबर मंडळींतील कोणीतरी जावें. या महिन्याच्या पंच-सभेंत प्रत्येक गांवच्या अशा मुलामुलींचीं नांवें वहींत उतरवून घ्यावीं, आणि प्रत्येक नांवापुढें कोण जामीन तें लिहावें.