डोके दुखते, पण मूळ मानेत आहे



खारबावला विहारात वंदना झाली की बायका थोडा वेळ सतरंजीवरच बसून राहतात. आम्ही तिथेच बीपी मोजतो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पॅकिंग करणारी एक ताई पुढे आली. म्हणाली, "सिस्टर, उजव्या डोळ्याच्या वर दुखतं. मेडिकलमधून गोळी आणते, तेवढ्यापुरतं थांबतं." किती दिवसांपासून? "दोन वर्षं झाली."

चष्मा करून झाला होता. शेजारणीने मिरच्या-मीठ ओवाळून नजर काढली होती. आम्ही तिच्या मानेला हात लावला. कवटी संपते तिथे उजव्या बाजूला बोट दाबताच ती दचकली. "हेच! हेच वर डोळ्यात जातं!" दोन वर्षांत तिची मान कोणी तपासलीच नव्हती.

आमचीही चूक कबूल केली पाहिजे. वॉर्डात नोकरी करताना कोणी "डोकं दुखतंय" म्हटले की आम्हीही गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे जात होतो. म्हणून आजचा हा पाठ.

मानेचे दुखणे डोळ्यात कसे जाते?

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचे डोके असते. मानेच्या सर्वांत वरच्या तीन मज्जातंतूंचे निरोप आणि कपाळ, डोळा, चेहरा यांच्या मज्जातंतूचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी मिळतात. दिव्याला वसईची, पनवेलची, कल्याणची गाडी येते. पुलावर उभे राहून नुसती शिट्टी ऐकली, तर ती कोणत्या गाडीची हे कळत नाही. मेंदूचेही तसेच होते. दुखतो मानेचा सांधा, पण मेंदूला वाटते की डोळा दुखतो आहे. १९८३ साली नॉर्वेचे डॉक्टर ओटार स्यास्टाड यांनी या दुखण्याला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’, म्हणजे मानेतून उगवणारी डोकेदुखी, असे नाव दिले.

ओळखावे कसे?

दुखणे बहुधा एकाच बाजूचे असते आणि बाजू बदलत नाही. मानेपासून सुरू होऊन कानामागून कपाळाकडे किंवा डोळ्याकडे येते. मान खाली घालून काम केले, एकाच कुशीवर झोपले की वाढते. खुर्चीवर ताठ बसून हळूच उजवीकडे, मग डावीकडे पाहा. एका बाजूला मान कमी वळत असेल तर मानेचा संशय घ्यावा.

ठणका लागणे, उलटी-मळमळ होणे, उजेड व आवाज सहन न होणे ही अर्धशिशीची लक्षणे असतात. अर्धशिशीतही मान दुखते. बीपी वाढणे, नजर कमी होणे यांनीही डोके दुखते. म्हणून घरी संशय घ्यावा, पण निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

इथे थांबू नका, तातडीने दवाखाना गाठा

• क्षणात सुरू झालेले, आयुष्यात कधी झाले नव्हते असे भयंकर डोके दुखणे
• तापासोबत मान आखडणे
• तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, हातापायातली शक्ती जाणे, दोन-दोन दिसणे
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे
• गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई आणि जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी

अशा वेळी १०८ ला फोन करा. व्यायाम, मालिश काहीही करत बसू नका.

गोळीचा फास

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, मिश्र गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस, असे तीन महिन्यांपेक्षा जास्त चालले तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. शिवाय काही वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जखम होते, मूत्रपिंडाला इजा होते. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारा आणि ते कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा.

फिजिओथेरपी म्हणजे काय?

अनेकांना वाटते, ही श्रीमंतांची मालिश. तसे नाही. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईत केईएम या महापालिकेच्या रुग्णालयातच निघाली.

या डोकेदुखीत फिजिओथेरपिस्ट मानेचे आखडलेले सांधे हाताने हळूहळू मोकळे करतात आणि मानेच्या आतल्या, दुबळ्या झालेल्या स्नायूंना व्यायाम शिकवतात. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन जुल आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवरचा अभ्यास छापला. काहींना हाताने उपचार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही दिले आणि काहींना यातले काहीच दिले नाही. सहा आठवड्यांच्या उपचारांनी डोकेदुखी कमी झाली आणि तो आराम वर्षभरानंतरही टिकून होता.

एक सक्त ताकीद. सलूनमध्ये दाढी झाल्यावर कडकन मान मोडून घेऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो.

घरी करायचे तीन व्यायाम

डॉक्टरांना मान दाखवल्यानंतरच हे सुरू करा.

१. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. डोके न उचलता, "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी किंचित गळ्याकडे न्या. दहा आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. गळ्यावरचे स्नायू दोरीसारखे ताठ झाले तर जोर जास्त होतो आहे.

२. ताठ बसा. खांदे कानाकडे न उचलता पाठीची फरी हलकेच मागे आणि खाली ओढा. दहा आकडे मोजा. दहा वेळा.

३. मान हळू उजवीकडे, हळू डावीकडे वळवा. पाच-पाच वेळा. ताण चालेल, कळ नको.

सकाळ-संध्याकाळ, सहा आठवडे. चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या किंवा डोके वाढले तर थांबा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे ठेवल्यास बरे वाटते.

काम बदलत नाही, पण कामाची रीत बदलते

आपल्या माणसांची मान कशाने झिजते? लूमवर तुटलेला धागा सांधताना, गोडाऊनमध्ये वाकून खोकी बांधताना, वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहताना, हंडा-कळशी आणताना. डोक्यावरचे ओझे अर्धे करून दोन खेपा करा. अर्ध्या तासाने एकदा मान वर करा, खांदे फिरवा. मोबाइल डोळ्यांसमोर धरा. पोटावर झोपू नका.

त्या ताईच्या पॅकिंगचे टेबल तिच्या मांडीएवढेच उंच होते. एकटी बोलली असती तर "उद्यापासून येऊ नको" असे ऐकावे लागले असते. म्हणून चौघी मिळून मुकादमाकडे गेल्या. टेबलाखाली लाकडी पॅलेट सरकवून ते कमरेएवढे करून घेतले. पैसा लागला नाही.

कुठे जायचे?

आधी खारबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बीपी आणि रक्त तपासून घ्या, "माझी मान तपासा" असे स्पष्ट सांगा. पुढे भिवंडीच्या किंवा ठाण्याच्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. फिजिओथेरपी कोणत्या वारी मिळते ते विचारून जा, म्हणजे रोज बुडणार नाही.

ताईचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. जास्त काम पडले की अजून डोके वर काढते. पण आधी जवळजवळ रोज लागणारी गोळी आता महिन्यातून दोन-तीनदा लागते. बुद्धांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. घरात कोणी "डोकं दुखतंय" म्हणाले, तर गोळी शोधण्याआधी विचारा, "मान वळते का?"

जयभीम. नमो बुद्धाय.