जुन्या फोनवर नवी प्रणाली बसवावी काय?

प्रश्न : माझ्या जुन्या फोनला कंपनीचे अपडेट येणे बंद झाले. लिनिएज ओएस बसविल्यास तो पूर्ण सुरक्षित होऊन यूपीआयही चालेल ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली आशा अंशतः रास्त आहे. सायनोजेनमॉड या जुन्या प्रणालीचा कारभार डिसेंबर २०१६ मध्ये आटोपल्यावर तिचा वारसा चालविणारी ही प्रणाली अँड्रॉइडच्या सुरक्षा-दुरुस्त्या आजही पुरविते. मात्र चिपच्या मूळ फर्मवेअरमधील दोष तिला सहसा दूर करता येत नाहीत, आणि ती बसविण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडावा लागत असल्याने तशा फोनवर बँकेची अ‍ॅप्स चालतीलच अशी हमी नाही. आपले मॉडेल लिनिएज ओएसच्या अधिकृत यादीत असेल तरच, बूटलोडर उघडताना सर्व माहिती पुसली जाते हे ध्यानी घेऊन, आधी बॅकअप काढून हे कार्य हाती घ्यावे. व्यवहाराचा फोन एकच असेल तर मात्र हा खटाटोप टाळावा. दुसरा असल्यास जुन्यावर खुशाल करावा.