टेबलावर आणि टेबलावरचं

नांदेडला मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी शिकवताना प्रीपोझिशनबद्दल जे उमगत गेलं, ते नव्या शिक्षकांसाठी लिहितो आहे.

१. आधी लेकरांच्या घरची भाषा ऐका. इथे एकाच वर्गात मराठी, उर्दू, पंजाबी आणि देगलूर-बिलोलीकडची तेलुगू भेटते, उदगीर-निलंग्याकडे कन्नडही. या सगळ्यांची शिस्त एकच : नाम आधी, संबंध मागून. घरात, घर में, घर विच, इंट्लो, मनेयल्लि. इंग्रजीच तेवढी 'इन' आधी म्हणते. पहिल्या तासाला एवढं फळ्यावर मांडलं की मुलांची निम्मी भीती जाते.

२. 'ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला' असली यादी पाठ करून घेऊ नका. आपला 'ला' पाहा : नांदेडला राहतो, तिथे 'इन', नांदेडला जातो, तिथे 'टू', दहाला गाडी आहे, तिथे 'ॲट'. 'ने'चंही तसंच. एसटीने आलो, 'बाय बस'. पेनाने लिहिलं, 'विथ अ पेन'. नुसता शब्द शिकवला तर मूल अडतं, नामासकट अख्खा तुकडा दिला तर तोंडात बसतो. 'नांदेड इज ऑन द गोदावरी' हे वाक्य मी मुद्दाम देतो. शहर पाण्यावर कसं, असं कुणीतरी विचारतंच. मग 'ऑन'मधला चिकटून असण्याचा, लागून असण्याचा अर्थ सांगता येतो. छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा 'ऑन द सीलिंग'च असते.

३. मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही. 'द बुक इज ऑन द टेबल' आणि 'द बुक ऑन द टेबल इज माइन' यांत तुकडा एकच, काम वेगळं. पहिल्यात तो पुस्तक कुठे आहे ते सांगतो, दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते. इंग्रजीत रूप बदलत नाही, म्हणून मुलं गोंधळतात. मराठीत मात्र ते उघड दिसतं : टेबलावर, टेबलावरचं. 'आय सॉ द बॉय फ्रॉम द बस' याचे दोन अर्थ होतात. बसमधून मुलगा पाहिला, की बसमधला मुलगा पाहिला? तिसरीतलं पोरही हा फरक बोलताना चुकत नाही. विशेषण आणि क्रियाविशेषण ही जड नावं नंतर सांगावीत. आधी 'चा-ची-चं लागतं का?' एवढंच विचारावं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी शब्दयोगी अव्यय मराठीच्या तासाला आणि प्रीपोझिशन इंग्रजीच्या तासाला, अशी त्यांची गाठच पडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

४. कर्ता शोधताना असा तुकडा पेन्सिलीने कंसात टाकायला लावा. 'वन ऑफ द गर्ल्स'मधल्या मुली कंसात गेल्या की 'इज' आपोआप येतं.

५. 'लातूरला पोचलो'मुळे 'रीच टू लातूर' असं चुकीचं येतं, 'त्याला विचार'मुळे 'आस्क टू हिम', 'तिच्याशी लग्न'मुळे 'मॅरी विथ हर'. इथे नियम सांगत बसू नये. वहीत दोन रकाने करावेत : 'वेट फॉर', 'लिसन टू', 'डिपेंड ऑन' एकीकडे, 'रीच', 'आस्क', 'मॅरी', 'एंटर', 'डिस्कस' दुसरीकडे, पुढे थेट नाम लिहून. धडा वाचताना नवं क्रियापद आलं की ते कोणत्या रकान्यात जाईल, हे मुलांनीच ठरवावं.