चष्म्याला पाय दिसत नाहीत

चष्मा चढवून व्यायाम करवणाऱ्या या केंद्राचं नाव लिहीत नाही. भांडायला लागते तेवढी ताकद एम.एस.च्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) पेशंटकडे उरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ घेतात ते काही उगाच नाही.

कल्पना तशी वाईट नाही. जाड चष्मा चढवायचा. आपलीच खोली दिसते, पण फरशीवर रंगीत वर्तुळं आणि हवेत तरंगणारी लिंबं. पाऊल वर्तुळात, हात लिंबाला, की गुण. भिंत धरून पाय उचलण्यापेक्षा वेळ बरा जातो. मला मात्र वर्तुळं दोन-दोन दिसत होती. एकाचे दोन दिसतात हे माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर आहे. सांगितलं, तर टॅब्लेट धरून उभा असलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, चष्मा नीट बसला नाहीये," आणि पट्टा आवळला.

त्यात मे महिना आणि एसी बंद. एम.एस.मध्ये व्यायामानंतर नजर अंधुक होते हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच नोंदवलंय. त्यामागे वाढलेली उष्णता असते हे पुढे कळलं. अंग अर्धा अंश तापलं तरी पुरतं. माझ्या डोळ्यांपुढे धुकं, डावा पाय फरपटतोय, आणि तो टॅब्लेटवाला मुलगा म्हणतो, "आणखी दोन लेव्हल, आज रेकॉर्ड होतोय!"

रेकॉर्ड झालाही. लेकीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घरी पाहिला तेव्हा उलगडा झाला. डावी टाच जागची हललीच नव्हती. मी उजव्या पायावर भार टाकून कमरेतून झुकत होते, आणि डोकं वर्तुळावर आलं की वर्तुळ हिरवं. चष्म्याला डोकं कळतं, हात कळतात. पाय त्याच्या हिशेबातच नव्हते. मॅनेजर चढता ग्राफ दाखवत राहिले. न्यूरोलॉजिस्टने घड्याळ लावून पंचवीस फूट चालवलं, तर वेळ होता तेवढाच.

तेव्हा आधी विचारा: पाय कोण मोजतं? त्यासाठी वेगळा कॅमेरा आहे का? चष्म्याविना चालण्याची वेळ सुरुवातीला आणि दर महिन्याला कागदावर लिहून घ्या. एकाचे दोन दिसत असतील तर न्यूरोला विचारल्याशिवाय चष्मा चढवू नका. सकाळची वेळ मागा, एसी सुरू करायला लावा, गार पाणी जवळ ठेवा. फिजिओ हाताच्या अंतरावर हवा. शेजारच्या खोलीत असून उपयोग नाही. मॉडेलही विचारा. उदाहरणार्थ, होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम, मानेला जाणवतं; शिवाय त्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं, मग बिघडला तर दुरुस्त कोण करणार? नियमित राहा, धीर सोडू नका वगैरे आलंच.

आणि पैसे सेशनगणिक भरा. उरलेले परत मागितले तर "तशी पॉलिसी नाही" म्हणाले. माझ्या मेलला अजून उत्तर नाही; नव्या पॅकेजवरच्या सवलतीचे मेसेज मात्र न चुकता येतात.